किमान वजन

अडेनाऊला सकाळी धुकं उतरलं
की शर्यतीचा रस्ता उशिरा उघडतो,
आणि गॅरेजात मोजमापाची राहिलेली कामं निघतात.

गेरेऑन ल्युकराथ डिस्क उचलतो
पाहुण्यांचं तान्हं उचलावं तशी, दोन्ही तळव्यांवर.
कुठे टेकवायची तिथे आधी घोंगडी.
कड टवकली तर महिन्याचा पगार गेला,
माझा. त्याचा नाही.

शिकाऊ होतो तेव्हा मी मायक्रोमीटर घेऊन धावलो होतो.
लोखंडी डिस्क माझ्या ओळखीची:
झिजली की कडेला ओठ सुटतो,
नख अडकतं,
मनात काही ठेवत नाही बिचारी.
ही मात्र आठ ठिकाणी मोजली,
आठही ठिकाणी नवीन असल्यासारखी.
"ही बारीक होत नाही," गेरेऑन म्हणाला,
"हलकी होते."

कार्बन आतल्या आत जळतो.
चाकाआड नारिंगी उजेड पडतो, तेवढ्यात
थोडे तंतू हवेत मिसळून जातात.
राख नाही. धूर कुणी पाहिला नाही.
म्हणून काटा.
आधी धुवायची, मग भट्टीत वाळवायची सावकाश,
कारण ओलसुद्धा खोटं बोलते,
ग्रॅम-दोन ग्रॅम भरते पदरचे.

आज हिल्ट्रूड एसर आल्या, मायेनहून.
गाडी नवऱ्याची. बेर्ट्राम एप्रिलमध्ये गेले.
घेणाऱ्याला ब्रेकचा दाखला हवाय.
"फार जपून चालवायचे हो,
रविवारी केल्बेर्गला पाव आणायला, बस."

मधल्या वाटीवर कोरलेलं असतं: किमान ५७४०.
पुढची डावी भरली ५७५२.
बारा ग्रॅम शिल्लक. पाकिटासकट एक पत्र.
पुढची उजवी
५७३३.

गेरेऑनने ती उतरवली, काटा शून्यावर आणला,
पुन्हा ठेवली.
५७३३.

बराच वेळ तो चिंध्यांनी हात पुसत राहिला,
हात स्वच्छच होते.
मग म्हणाला,
"पाव जरा लांबून आणत असणार."

मी जमिनीकडे पाहिलं.
बाईंनी चष्मा काढला, पुन्हा लावला,
आकडा वाचला मनातल्या मनात, ओठ हलवून.
"नवी असताना किती होती?"
"दोनशेच्या वर जास्त."
"मग ते कुठे गेले?"
"हवेत."
"कुठल्या वळणावर?"
"वळणावर नाही, एसरबाई.
वळणाच्या आधी."

त्यांनी डिस्कवर हात ठेवला.
करडी, थंड, इथल्या छपरांवरच्या पाटीच्या दगडासारखी,
आत तंतूंच्या आडव्यातिडव्या काड्या,
जवळून पाहिलं तरच दिसणाऱ्या.
एकोणचाळीस वर्षं ज्या माणसाचे शर्ट इस्त्री केले
त्याचं हे एक वजन त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.
रागावतील असं वाटलं मला.
त्या म्हणाल्या, "दोन्ही आकडे लिहा. खरे लिहा.
आणि ही उजवी मी घरी नेणार."

"भंगारात काही मिळत नाही हिचं," मी बोलून गेलो.
गेरेऑनने नुसतं पाहिलं माझ्याकडे.

घोंगडीत गुंडाळून दिली. दारापर्यंत मीच नेली.
धुकं तोवर झाडांच्या कमरेइतकं उरलं होतं,
वरच्या रस्त्याचं फाटक उघडलं असावं,
कारण टेकडीमागे कुणाचं तरी इंजिन
चढत गेलं, चढत गेलं.
बाई पायरीवर थांबल्या, मान कलती करून.
आणि आवाज एकदम खाली बसण्याच्या
केसभर आधी
त्या म्हणाल्या,
"आत्ता."